हत्यार चालू हालतीत

"आधी हिला बसू द्या."

कुणाच्या घरी, चावडीवर, लग्नाच्या मांडवात, कुठंही गेलं तरी मामांचं पहिलं वाक्य हेच. मग खांद्यावरचं उपरणं काढायचं, त्याची चौपदरी घडी घालायची, ती भिंतीशी ठेवायची आणि तिच्यावर बंदूक उभी करायची. दस्ता घडीवर, नळी भिंतीला. दोन पावलं मागं सरून तिला नीट बसता आलंय का ते बघायचं. नसेल तर पुन्हा उठवायची, पुन्हा बसवायची. एवढं झालं की मामा स्वतः उघड्या जमिनीवर बसायचे, कारण उपरणं तिच्याखाली गेलेलं असायचं.

परक्या माणसाला वाटायचं, म्हातारा थट्टा करतो. आमच्या गावात तसं कुणाला वाटत नव्हतं. पंगतीत मामांच्या शेजारची जागा आम्ही आपसूक मोकळी सोडायचो. एकदा वाढपी नवा होता, वडवणीकडचा. त्यानं त्या मोकळ्या जागेवर पत्रावळ मांडली आणि भात वाढला. मामांनी भाताकडं बघितलं, बंदुकीकडं बघितलं आणि म्हणाले, "हिला आज एकादशी हाय." वाढप्यानं हात जोडून पत्रावळ उचलली. त्या दिवशी नवमी होती.

मामांचं नाव मी सांगणार नाही. सरकारी दफ्तरात ते ज्या रकान्यात लिहिलं गेलं तो रकाना त्यांचा नव्हता, आणि ती चूक माझ्या हातची होती. पण आधी आमच्या घराचं सांगतो, त्याशिवाय मामा आम्हाला कोण होते ते कळायचं नाही.

आमची चार एकर जमीन डोंगराच्या पायथ्याला. वर रानडुकरं, खाली आम्ही. पेरायचं वडिलांनी आणि सुगी डुकरांनी करायची, असा कारभार. ज्वारी हुरड्यात आली की आई माळ्यावर बसायची, हातात फुटका डबा आणि काठी. पहिले चार दिवस डुकरं डब्याला भ्यायची. पाचव्या दिवसापासून डब्याच्या तालावर खायची. माघ लागला की कणगीचा तळ दिसायचा. मग अंबाडीची भाजी आणि कण्या, आणि कण्याही संपल्या की आई म्हणायची, "आज लवकर निजा रे." माझी आई आणि थोरली बहीण एकच धड लुगडं पाळीपाळीनं नेसून बाजारला जात. ज्या बाजारी आई जायची त्या बाजारी बहीण घरात.

मामांनी आमच्या बांधावरून फेरी धरली आणि हे बदललं. ऊन उतरलं की ते बांधाच्या कोपऱ्यावर जायचे आणि सगळ्या शिवारात बार घुमायचा: ठ्ठो! डोंगर तो आवाज परत पाठवायचा. डुकरं तेलगावच्या अंगाला निघून गेली असं आमच्याकडं म्हणतात. तेलगावकर अजूनही आम्हाला बोल लावतात. पहिल्या साली कणगी चैत्रापर्यंत पुरली, दुसऱ्या साली मृगापर्यंत. वडिलांनी मला तालुक्याच्या सरकारी मदरशात घातलं, तिथून बीडला, तिथून हैदराबादला. मी बी.ए. झालो. घराण्यात पहिला, गावात पहिला, आजूबाजूच्या सात गावांत पहिला. बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी बढाई आहे; पण खरी आहे.

त्या दिवसापासून मामांनी माझं नाव टाकून दिलं. "काय बे बी.ए.?" एवढीच हाक. वडवणीच्या बाजारात अनोळखी माणसाला हात धरून थांबवायचे. "ह्यो बघा. आमच्या बांधावरचा बी.ए. हाय."

"बरं मग?" तो माणूस म्हणायचा.

"मग काय? बघून घ्या. पुन्हा दिसंल न दिसंल."

बंदूक त्यांच्या आजोबांच्या वेळची. एक रोहिला शिपाई तापानं फणफणलेला त्यांच्या दारात पडला. तीन महिने आजीनं त्याला भाकरी-ताक घातलं. बरा झाला आणि निघताना म्हणाला, मला आता लढायचं नाही, हिला तुम्हीच सांभाळा. ठासणीची, एकनळी, शिसवी दस्त्याची. साडेतीन हात लांब. उभी केली की मामांच्या कपाळाला लागायची.

ह्या बंदुकीवर नऊ एकर जमीन होती. गावच्या पिकांची राखण करायला जो चालू बंदूक बाळगील त्याला ती नऊ एकर वहिवाटीला, असा निजामी अमलात आमच्या गावाला जुना हुकूम होता. दर साली दसऱ्यानंतर मुआइना व्हायचा, म्हणजे साहेबापुढं तपासणी. बार काढायचा, चाळीस पावलांवर ठेवलेलं मडकं फोडायचं. मडकं फुटलं की वहीत शेरा पडायचा, 'हत्यार चालू हालतीत', आणि जमीन आणखी एक साल मामांची. शेरा नाही पडला तर जमीन सरकारजमा.

मामांना मुलगा नव्हता. एकच मुलगी, गोदा. तिला तेलगावला दिलेली. नवरा पटकीनं गेला आणि सासरच्यांनी तिला दोन लेकरांसकट गाडीत घालून बापाच्या दारात आणून उतरवलं. गाडी वळवताना बैलांनासुद्धा पाणी पाजलं नाही, इतकी त्यांना घाई. ती नऊ एकर गोदाच करायची. औत धरायची, पेरायची, खुरपायची, खळं करायची. तिच्या आणि उपाशीपोटाच्या मधे ती बंदूक उभी होती.

आता एक गोष्ट सरळ कबूल करतो. मामांनी त्या बंदुकीनं उभ्या जन्मात एकही जनावर मारलं नाही. ठासणीची बंदूक भरायची म्हणजे आधी बारूद ओतायची, मग चिंधी कोंबायची, गजानं ठासायची, मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा गज, आणि शेवटी घोड्याखाली तांब्याची टोपी. हे सगळं करताना मामा तिच्याशी बोलायचे, तिची विचारपूस करायचे. तोवर जनावर कंटाळून निघून जायचं. एकदा मात्र एक ससा दहा पावलांवर झुडपाखाली डुलकी घेत होता, बंदूक भरलेली होती, आणि आठ-दहा माणसं बघत होती.

"मारा की मामा!"

"झोपलाय त्यो."

"मग उठवू का त्याला?"

"कावून? त्यानं काय केलंय तुझं?"

माणसं आठवडाभर हसली. मामा म्हणाले, ही रोहिल्याच्या घरची हाय, झोपलेल्यावर चालत न्हाई.

कपिलधारच्या यात्रेला ते दर साली चालत जायचे. बंदूक खांद्यावर. देवळात हत्यार नेता येत नाही आणि बंदूक दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, त्यामुळं मामा बाहेर पायरीवर बसून राहायचे. बरोबरची माणसं दर्शन घेऊन यायची आणि आत काय काय बघितलं ते त्यांना सांगायची. पंधरा-सोळा यात्रा झाल्या असतील, मामांनी देव बघितला नाही. मी विचारलं, कशाला जाता मग? तर म्हणाले, "त्यानं आमाला बघितलं असंल की."

पुढं पुढं मामा बार काढायला एकटेच जायला लागले. कुणी बरोबर निघालं तर परत पाठवायचे. "लोकांपुढं हिला लाज वाटती." मुआइन्यालासुद्धा तेच. जुने साहेब मोठे भले गृहस्थ. चावडीत पानाचा डबा उघडून बसायचे. मामा मडकं घेऊन चावडीच्या मागं जायचे, ठ्ठो ऐकू यायचा, चपराशी खापऱ्या आणून दाखवायचा, साहेब पानाला चुना लावता लावता सही करायचे. कुणालाच उठावं लागत नव्हतं.

मी बी.ए. होऊन आलो आणि त्याच तालुक्याच्या कचेरीत कारकून, म्हणजे तिथला अहलकार, म्हणून लागलो. हत्यारांच्या परवान्यांचं टेबल माझ्याकडं आलं. जुनी वही वाळवीनं खाल्लेली, ती नव्या छापील वहीत उतरवायचं काम पहिल्याच महिन्यात मिळालं. जुनी वही एका म्हाताऱ्या कारकुनानं मोडीत लिहिलेली, म्हणजे डावीकडून. डाव्या रकान्यात माणूस, उजव्या रकान्यात हत्यार. नवी वही उर्दू, म्हणजे उजवीकडून. उजव्या रकान्यात माणूस, डाव्या रकान्यात हत्यार. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी सगळं शिक्षण उर्दूत केलेलं. चाळीस पानं मी डोळ्यांत तेल घालून उतरवली. एकेचाळिसावं पान मामांचं. जुमेरातची, म्हणजे गुरुवारची, संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी जुम्म्याची सुट्टी, आमचे वरचे कारकून पेशकारसाहेब दाराला कुलूप लावायला उभे. मी डावीकडचं डावीकडं आणि उजवीकडचं उजवीकडं उतरवलं, शाई टिपली आणि घरी गेलो. वर सरकारी शिक्का पडला. अशी माझी बी.ए. पदवी कामाला आली.

दोन वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग साहेब बदलले. नवे साहेब पान खात नव्हते. त्यांनी पहिलाच हुकूम काढला: सगळ्या बंदुका माझ्या डोळ्यांदेखत चालवून दाखवायच्या.

मुआइन्याच्या आठ दिवस आधी, सकाळीच, मामा तालुक्याच्या गावी माझ्या खोलीवर आले. तिला बसवलं, स्वतः बसले, तांब्याभर पाणी प्याले.

"बी.ए., एक सांगायचं हाय. हासू नको."

"नाही हसत."

"ही वाजत न्हाई."

"म्हणजे?"

"अकरा साल झाले. टोपीखालची नळी चिरलीय. घोडा पडतो, खट्ट म्हणतो, अन् गप."

"मग तो आवाज? रोज शिवारात येतो तो? अख्खं गाव ऐकतंय!"

मामा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागले.

"त्यो मी."

"तुम्ही म्हणजे?"

"तोंडानं."

माझा विश्वास बसेना. मामा उठले, खिडकीकडं तोंड केलं, एक हात कानामागं लावला आणि छाती भरून घेतली. पुढचं मी क्रमानं सांगू शकत नाही, कारण सगळं एकदमच झालं. माझ्या बायकोच्या हातची पिठाची परात पालथी पडली. शेजारच्या काझीसाहेबांच्या कोंबड्या भिंतीवरून आमच्या अंगणात आल्या. आढ्यातून इतकी माती पडली की मामांचं डोकं पांढऱ्याचं तांबडं झालं. आणि गल्लीच्या टोकाला पहाऱ्यावर असलेला जवान धावत आला.

"किसने चलाई?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

त्यानं बंदूक उचलून नळी हुंगली. नळी थंड. पुन्हा हुंगली. मग बंदुकीकडं मोठ्या संशयानं बघत उलट पावली निघून गेला.

मी खाटेवर बसलो. मनात हिशेब लागायला लागला. माझं निम्मं शिक्षण बारुदीवर झालं होतं, निम्मं ह्या माणसाच्या गळ्यावर.

"दुरुस्त का नाही केली मामा?"

"लोहार म्हणला, परवान्याच्या बंदुकीला हात लावायचा तर हुकूम आणा. हुकूम मागाया जावं तर साहेब म्हणणार, म्हंजे ही बंद हाय. जमीन गेली." मग खालच्या आवाजात, "माझं सोड. मी कुठंबी पडंन. पोरगी कुठं जाईल, बी.ए.?"

मी कचेरीत गेलो, वही काढली. काही पळवाट सापडते का बघू म्हणून एकेचाळिसावं पान उघडलं आणि माझ्याच अक्षरातली चूक दिसली. त्या पानाची नक्कल घेऊन संध्याकाळी खोलीवर आलो आणि मामांपुढं मान खाली घालून सांगितलं.

"वाच," मामा म्हणाले.

मी वाचलं. परवानाधारक इसम: ठासणीची, एकनळी, लांबी साडेतीन हात, तोंड लोखंडी, दस्ता शिसवी, घोडा किंचित ढिला, राहणार सदर गाव.

"बरोबर हाय."

हत्यार: पुढं मामांचं नाव, बापाचं नाव, वय छपन्न, रंग सावळा, डावा डोळा अधू, कपाळावर खोक, पुढचे दोन दात पडलेले.

"लई बरोबर हाय! कुणी लिवलं?"

"मी. चुकून. उद्या साहेबांना सांगतो, चूक माझी आहे म्हणून."

"मग?"

"मग माझी नोकरी जाईल."

मामा एकदम भडकले. मी त्यांना आयुष्यात एवढंच एकदा भडकलेलं बघितलं. "मग तुझ्या आईनं माळ्यावर डबा कावून बडवला, बे?"



मुआइन्याच्या दिवशी गावाबाहेरच्या आमराईत साहेबांचा तंबू लागला. बाहेर टेबल, टेबलावर वही, टेबलामागं साहेब. उजव्या हाताला पेशकार, डाव्या हाताला मी. तंबूच्या खुंटीला साहेबांचा पांढरा घोडा बांधलेला. समोर चाळीस पावलांवर एका काठीवर पालथं मडकं. सगळं गाव झाडांखाली. गोदा दोन्ही लेकरांना घट्ट धरून सगळ्यांच्या मागं उभी.

पेशकारांनी एकेचाळिसावं पान वाचलं. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. साहेबांनी वही ओढून घेतली, स्वतः वाचली. मामांकडं बघितलं. बंदुकीकडं बघितलं. पुन्हा वाचली.

"हा कागद खोटा आहे," साहेब म्हणाले. हैदराबादचे होते, पण मराठी चांगलं बोलायचे. "लिहिणारा बडतर्फ. परवाना तहकूब. वरून हुकूम येईपर्यंत जमीन सरकारजमा."

मी पुढं झालो. "हुजूर, ती चूक..."

"चूक कसली?" मामा मधेच म्हणाले. "कागद खरा हाय, साहेब. जरा खुर्ची द्या."

"कुणाला?"

"परवानेवालीला. आधी हिला बसू द्या."

आणि साहेबांसमोरच्या खुर्चीवर त्यांनी उपरण्याची घडी ठेवून बंदूक बसवली, आणि स्वतः बाजूला, हात मांड्यांना चिकटवून, काठीसारखे ताठ उभे राहिले.

साहेबांनी वही पुन्हा पुढं ओढली. माणूस कडक, पण कडक माणसाची एक अडचण असते. कागद खोटा ठरवायचा तर आधी तपासावा लागतो.

"पेशकार," साहेब म्हणाले, "जे लिहिलंय ते तपासा."

पेशकारांनी परवानाधारकाला पुकारलं. "हाजिर?"

बंदूक खुर्चीवर बसून होती.

"ती मोठ्या माणसांपुढं बोलत न्हाई," मामा म्हणाले.

लांबी मोजली. साडेतीन हात. तोंड लोखंडी, दस्ता शिसवी, घोडा ढिला. सगळं जुळलं. सही येत नसेल तर अंगठा घ्यायचा असा नियम. चपराश्यानं दस्त्याच्या टोकाला शाई फासली आणि वहीवर दाबला. चांगला वाटोळा शिक्का उमटला. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी पाटलांच्या अंगठ्यांपेक्षा स्वच्छ.

मग हत्यार तपासायला घेतलं. रंग सावळा. डावा डोळा अधू. कपाळावर खोक. पेशकारांनी मामांचं तोंड उघडायला लावलं आणि चष्मा लावून आत बघितलं.

"हुजूर, दोन दात पडलेले लिहिलेत. तीन दिसतात."



साहेबांनी विचार केला. "वापरात झीज होते. पुढं चला. बार काढा."

आता नवा पेच. पेशकार कायद्याचं पुस्तक उघडून म्हणाले की हत्यार परवानाधारकानंच चालवलं पाहिजे, दुसऱ्यानं चालवलं तर गुन्हा. म्हणजे बंदुकीनं मामांना चालवायचं होतं.

"सोपं हाय," मामा म्हणाले. "मला मडक्याकडं तोंड करून उभं करा. हिची नळी माझ्या पाठीला लावा. घोडा पाडा. फुडचं मी बघतो."

बिचाऱ्या चपराश्यानं बंदूक उचलली. नळी मामांच्या पाठीला टेकवली. मामांनी छाती भरून घेतली. साहेब स्वतः टेबलामागून उठून तंबूच्या दारात गेले, तिथून नीट दिसत होतं म्हणून. "एक. दो. तीन."

खट्ट.

"ठ्ठो!"

असा बार त्या बंदुकीनं रोहिल्याच्या हातातसुद्धा काढला नसेल. आमराईतले पोपट एकदम उठले. साहेबांचा घोडा मागच्या पायांवर उभा राहिला, खुंटी उपटली आणि सुटला. खुंटीला तंबूची दोरी होती. तंबू साहेबांसकट खाली बसला. घोडा सरळ मडक्याच्या दिशेनं गेला, मडक्यावरून गेला, आणि दुपारी वडवणीच्या वाटेवर सापडला.

चपराशी बंदूक छातीशी धरून जमिनीवर आडवा पडलेला. "लागली का मला?" एवढंच विचारत होता.

तंबूच्या कापडाखाली थोडा वेळ हालचाल झाली. मग साहेब एका बाजूनं बाहेर आले. टोपी वाकडी, मिशीला गवत. पहिला प्रश्न कर्तव्याचा.

"मडका?"

"फुटला, हुजूर," सगळं गाव म्हणालं.

साहेबांनी टेबल उभं करायला लावलं, दौत शोधून आणवली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: हत्यार चालू हालतीत. त्याखाली आणखी एक ओळ: आवाज नेमस्त असावा. सही केली, शाई टिपली.

साहेबांना काय कळलं आणि काय नाही, ह्याचा मी पुष्कळ विचार केला असता. पण संध्याकाळी दुसऱ्या गावच्या मुक्कामी त्यांनी मला एकट्याला बोलावलं. वहीतून मान वर न करता म्हणाले, "तुम्ही बी.ए. आहात ना?"

"जी, हुजूर."

"मग उजवीकडून लिहीत जा."

बी.ए.च्या वर्गात मला कुणी इतक्या कमी शब्दांत शिकवलं नव्हतं.

त्यानंतर मामा आणखी सहा मुआइने वाजले. प्रत्येक साली साहेब स्वतः लांब जाऊन उभे राहायचे आणि घोडा आदल्या दिवशीच पुढच्या गावाला पाठवून द्यायचे. मडकं फोडायचं काम गुपचूप चपराश्यानं अंगावर घेतलं. सातव्या साली पावसाळ्यात मामांचा गळा बसला, तो उठलाच नाही. मी भेटायला गेलो तर खाटेवर पडलेले. बोलायला ओठ हलवले, हवा आली, आवाज आला नाही. मग खुणेनं गोदाला बोलावलं, तिच्या गळ्याला बोट लावलं, आणि माझ्याकडं बघून हसले. मला तेव्हा कळलं नाही. आठव्या दिवशी गेले. त्यांच्या तिरडीपुढं बार काढायला कुणी नव्हतं, आणि माणसं तोंडानं काढायला लाजली.

कचेरीत येऊन मी एकेचाळिसावं पान उघडलं. नियमाप्रमाणं परवानाधारक बिनमुलाचा मेला की जमीन सरकारजमा. पण परवानाधारक मेला नव्हता. मी लिहिलं: हत्यार निकामी झाले. परवानाधारक हयात. आणि नियमच असा होता की हयात परवानाधारकाला सालाच्या आत दुसरं हत्यार दाखवता येतं.

दसरा झाला. नव्या मुआइन्याला गोदा आली, बंदूक खांद्यावर घेऊन. बंदूक तिनं खुर्चीवर ठेवली आणि स्वतः बाजूला उभी राहिली. मी उजवीकडून लिहायला सुरुवात केली आणि ह्या खेपेला समजून-उमजून, एकेक अक्षर वळणदार काढून, चुकीच्या रकान्यात भरलं. हत्यार: वय बत्तीस, रंग सावळा, दोन्ही डोळे शाबूत.

साहेब तेच होते. त्यांनी नोंद वाचली आणि आमराईच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

गोदानं पदर खोचला, हात कानामागं लावला. बापापेक्षा तिचा आवाज जरा पातळ होता, पण धार जास्त. चपराशी ह्या वेळी बंदूक सोडून पळाला. मी खाली वाकून टाक शोधायला लागलो. टाक माझ्या हातातच होता.

तिनं पुढं बरीच सालं वाजवलं, आणि मी बरीच सालं शेरा लिहिला. निजामी गेली. इनामं खालसा झाली. जो कसतो त्याच्या नावावर जमीन लावायची असा हुकूम आला. चावडीवर विचारणा झाली, ह्या नऊ एकरांत औत कोण धरतं? गावानं एकमुखानं सांगितलं.

नऊ एकर जमीन गोदाच्या नावावर झाली.